वाचनालयाच्या दारावरच्या नोटिशीबद्दल: महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका,
आणि प्रभागातले सर्व आजी-माजी लोकप्रतिनिधी

महोदय,

सादर नमस्कार.

मागच्या सोमवारी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले, तर जाळीच्या दाराला नोटीस चिकटवलेली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून देवघेव विभाग, बालविभाग आणि वृत्तपत्र कक्ष 'कायमस्वरुपी' बंद. त्या जागेत वातानुकूलित अभ्यासिका आणि ई-ग्रंथालय. निवडक पुस्तकं मुख्यालयात 'स्थलांतरीत', उरलेल्यांचं नियमानुसार निर्लेखन. कारण एका ओळीत दिलंय: वाचकांचा अत्यल्प प्रतिसाद.

मी मुद्रितशोधक आहे. गेली २६ वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून घर चालवते. हात सवयीने पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला. 'रु'चा 'रू' केला, 'री'ची 'रि' केली, समासात खुणाही केल्या. सरकारी कागदावर लिहिल्याबद्दल दंड असेल तर भरीन, पावती तेवढी शुद्ध द्यावी. जिना उतरताना लक्षात आलं, की ऱ्हस्व-दीर्घाच्या नादात मजकूर नीट वाचायचा राहूनच गेला. परत वर गेले आणि वाचला. तेव्हापासून झोप धड नाही.

आपल्या उपनगराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि लोकलच्या कुठल्याही फाट्यावरच्या वाचकाला ही नोटीस आपल्याच वाचनालयाची वाटली तर त्यात माझा दोष नाही.

'निर्लेखन' हा शब्द लोकांच्या वापरातला नाही, म्हणून सांगते. पुस्तक ग्रंथालयात येतं तेव्हा त्याला दाखल क्रमांक मिळतो. निर्लेखन म्हणजे तो क्रमांक नोंदवहीतून कायमचा बाद करणं. त्यानंतर ते पुस्तक पुस्तक राहत नाही, वजन होतं. किलोचा भाव रद्दीवाला सांगतो.

आधी माझा या जागेशी संबंध काय ते सांगते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप लांबला, मग तो संपला की नाही हेच कुणाला कळेना. भाड्याची खोली सुटली आणि आम्ही इथे चाळीत आलो. मी चौथीत होते. नव्या जागी कुणी ओळखत नव्हतं, हे बाबांना बरंही वाटत होतं आणि जडही जात होतं. बारा बाय दहाच्या खोलीत आई शिवणयंत्रावर बसायची आणि कामावर जायची सवय असलेला माणूस सकाळी साडेसातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचा. जायचं कुठे?

ते वाचनालयात जायचे. तेव्हा सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा दोन पाळ्या होत्या. वृत्तपत्रांच्या उतरत्या लाकडी टेबलाशी उभं राहून जाहिरातींचं पान वाचायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या गेल्या महिन्यांच्या पानांचे चौकोन कापून त्यांनी गठ्ठा केलेला असे. त्याच्या कोऱ्या बाजूला कंपनीचं नाव, पत्ता, अर्जाची मुदत उतरवून घ्यायची. तिथे कुणी त्यांना 'सध्या काय चाललंय?' असं विचारलं नाही. पेपर वाचणारा माणूस बेकार आहे की रजेवर, हे बघून ओळखता येत नाही. बाबांना त्या टेबलाने काय दिलं ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. औद्योगिक वसाहतीत त्यांना रखवालदाराची नोकरी लागली ती अशाच एका चौकोनावरून. तो चौकोन आईने देव्हाऱ्यात ठेवला होता.

बाबा पेपर वाचत तोवर मी बालविभागात. पुढचं सगळं, म्हणजे मी भाषा का शिकले, या धंद्यात कशी आले, ते तिथूनच सुरू होतं. ते लांबवत नाही. माझा सभासद क्रमांक अजून तोच आहे, एवढं पुरे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार 'अत्यल्प प्रतिसाद' या शब्दांबद्दल. मी माहितीच्या अधिकारात विचारलं, की हा प्रतिसाद मोजला कसा. उत्तर आलं, 'देवघेव नोंदवहीनुसार'. म्हणजे घरी पुस्तक नेलं ती नोंद झाली, तेवढाच वाचक. टेबलाशी बसून पेपर वाचणारा मोजणीत नाही. बालविभागात सतरंजीवर पालथं पडून वाचणारं पोर नाही. संदर्भासाठी येऊन टिपण काढून जाणारी मी नाही. मागच्या बुधवारी साडेदहा ते दीड मी दारापाशी बसून मोजलं. तीन तासांत ४७ माणसं आली. नोंदवहीत त्या वेळातल्या नोंदी ६. आपल्या हिशेबात उरलेली ४१ माणसं आलीच नाहीत.

त्या ४१ जणांतला एक गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचा झालाय, नाव माहीत नसूनही. पन्नाशीचा असेल. पाठीला लॅपटॉपची बॅग, पायात पॉलिश केलेले बूट. साडेदहाला दार उघडलं की पहिला आत, आणि दुपारी एकला खिडकीशी बसून डबा खातो. वाचनालयात खायला मनाई आहे, पण शिपाई त्या वेळी नेमका बाहेर चहाला जातो. साडेपाचला तो निघतो. पहिल्या आठवड्यातच मला बाबांचा इस्त्रीचा शर्ट आठवला. या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते आपणच सांगा.

दुसरी तक्रार वेळेची, आणि माझ्या मते खरा रोग इथेच आहे. दोन पाळ्या बंद करून काही वर्षांपूर्वी 'कार्यालयीन वेळ' लागू झाली: साडेदहा ते साडेपाच, शनिवार-रविवार बंद. महोदय, हे उपनगर आहे. इथला माणूस सकाळी सातच्या सुमारास गाडीला लटकतो आणि रात्री आठनंतर स्टेशनच्या जिन्यावर परत दिसतो. सोमवार ते शुक्रवार दिवसा इथे उरतात म्हातारी माणसं, मुलं, घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्या बायका आणि ज्यांचं काम गेलंय ते. गाव गाडीत असतं तेव्हा वाचनालय उघडं आणि गाव घरी असतं तेव्हा ते कुलूपबंद. दवाखान्याची वेळ अशी ठेवली असती तर रोगी घटले म्हणून आपण दवाखाना बंद केला असता का?

तिसरी, पुस्तकांची. गेल्या चार आर्थिक वर्षांत ग्रंथखरेदीवर झालेला खर्च मी विचारला होता. उत्तराचा कागद समोर आहे. चार रकाने, चारही रकान्यांत एकच शब्द: निरंक, म्हणजे शून्य. छापील अर्जावर किती स्वच्छ दिसतो हा शब्द! जुना वाचक आला, 'नवीन काय?' म्हणाला, शिपायाने खांदे उडवले, वाचक गेला. दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही. दिवाळी अंकही तीन वर्षांपूर्वी बंद झाले. महाराष्ट्रात दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची. हल्ली एकेक अंक ३००-४०० रुपयांना पडतो, साध्या घरात एखादा येतो. पण वाचनालयातून तेच अंक फिरत फिरत मार्चपर्यंत शंभर घरांत जायचे. आमच्या गल्लीत 'तुझा झाला का? दे मग, उद्या माझा बदलते' हे संवाद डिसेंबरभर चालायचे. आता बायका एकमेकींना मालिकांची वेळ विचारतात. त्यात कमीपणा नाही, पण तेवढंच उरलंय.

चौथी तक्रार माणसाची. ग्रंथपाल निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. पद रिक्त. कारभार शिपायाकडे, आणि त्याच्याबद्दल माझा एक शब्दही वाकडा नाही, कारण वाचनालय आजवर उघडं राहिलं ते त्याच्यामुळे. पण ग्रंथपाल म्हणजे कुलपाची किल्ली सांभाळणारा नव्हे. आमचे निवृत्त ग्रंथपाल समोर आलेल्या पोराला दोन प्रश्न विचारायचे आणि तिसऱ्या कपाटाकडे बोट दाखवायचे. ते बोट सहा वर्षं नाहीये. तरी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला गेला. फोटो पालिकेच्या पानावर आहे. ग्रंथपाल नसलेल्या ग्रंथालयात ग्रंथपाल दिन साजरा करणारे आपणच पहिले नसाल, पण फोटोत मागे रिकामी खुर्ची दिसते, ती तरी छाटायची होती.

अभ्यासिकेबद्दल आता बोलायलाच हवं, कारण हे पत्र वाचून काही मुलं रागावतील. त्यांचं चुकत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना जागा हवी, तातडीने हवी. तीनशे-साडेतीनशे फुटांच्या घरात सहा माणसं आणि एक टीव्ही असताना अभ्यास कसा होतो, ते मी स्वतः केलंय. खाजगी अभ्यासिका महिन्याला हजाराच्या घरात घेतात. मुलींचा प्रश्न त्याहून अवघड: रात्री नऊनंतर सुरक्षित, स्वच्छतागृह असलेली, घरचे 'हो' म्हणतील अशी जागा त्यांना मिळत नाही. माझी भाची दोन वर्षं या फेऱ्यातून गेली. तेव्हा अभ्यासिका करा, शंभर खुर्च्यांची करा, त्याला माझा पाठिंबा समजा.

पण ती वाचनालयाच्या पोटात का? अभ्यासिकेत प्रत्येक जण आपलं पुस्तक घरून आणतो. तिथे टेबल, दिवा, शांतता पुरते. परीक्षा झाली की तो निघून जातो आणि जायलाच हवा. वाचनालयात माणूस रिकाम्या हाताने येतो, आणि काय हवंय ते त्याला येताना ठाऊक नसतं. एका जागेत दुसरी कोंबली की काय होतं ते या परीक्षेच्या मुलांनीच मला सांगितलं: त्यांनाही रोज पाच-सहा पेपर चाळायला लागतात, संदर्भग्रंथ लागतात, आणि नोटिशीप्रमाणे वृत्तपत्र कक्षही जाणार आहे.

जागा नाही म्हणावं, तर आहे. त्याच इमारतीचा वरचा मजला बघावा. मागच्या कुठल्याशा निवडणुकीच्या वेळचे पत्र्याचे पेटारे, मोडक्या खुर्च्या, एका उद्घाटनाचे फ्लेक्स असं तिथे भरलंय. खिडक्या रस्त्याच्या उलट बाजूला, म्हणजे आवाज नाही. अभ्यासिकेला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. भंगाराला तो मजला मिळाला आणि पुस्तकांना तळमजला सोडावा लागतोय.

ई-ग्रंथालयाबद्दल माझी तक्रार छोटी आहे. मराठी विश्वकोशाचे २० खंड आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, मी स्वतः आठवड्यातून चारदा वाचते, आणि ही सोय फार मोठी आहे. पण गेल्या दहा वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या, चरित्रं, मुलांची चित्रपुस्तकं तशी फुकट पडद्यावर नाहीत, असण्याचं कारणही नाही, लेखक-प्रकाशकांनी पोट भरायचं कसं? संगणक आला की पुस्तक घ्यायला नको, हा हिशेब जुळत नाही. शिवाय याआधी आलेल्या दोन संगणकांपैकी एकाचं प्लास्टिक अजून निघायचंय.

संध्याकाळी चारच्या सुमारास बालविभागात एक सात-आठ वर्षांचा मुलगा येतो. आई पुलाखाली भाजीची पाटी लावते. शाळा सुटल्यावर ती त्याला इथे सोडते. चपला दाराशी नीट जोडून ठेवतो, पंख्याखालची जागा धरतो आणि बहुतेक रोज तेच डायनासोरचं पुस्तक काढतो. त्याची बांधणी सुटली आहे, मधली काही पानं चिकटपट्टीने लावलीत. परवा मी विचारलं, 'अरे, हे पाठ झालं असेल ना?' तो म्हणाला, 'हो, पण ह्याच्यात शेवट फाटलाय. मी रोज वेगळा करतो.' साडेपाचला कुलूप लागतं. आई आठला आवरते. मधले अडीच तास तो पुलाखाली टोपलीच्या मागे बसतो. एक तारखेपासून चार ते आठ बसेल.

निर्लेखनाकडे परत येते, कारण तिथे मला थोडं आपल्या बाजूनेही बोलायचंय. पुस्तकं काढून टाकावीच लागतात. अभ्यासक्रम बदलल्यावर उरलेली मार्गदर्शकं, कायदा बदललेली कायद्याची पुस्तकं, वाळवीने खाल्लेली, एकाच कादंबरीच्या सात प्रती. चांगला ग्रंथपाल दर वर्षी छाटणी करतो. पण प्रत्येक पुस्तक हातात घेऊन करतो. आपल्या नोटिशीत २१ हजार पुस्तकांचा निकाल एका वाक्यात आहे आणि तो लावायला ग्रंथपालच नाही. मग कुणी ठरवायचं? ठेकेदाराने?

सध्या माझ्याकडे घरी जे पुस्तक आहे त्याचंच बघा. जुनं प्रवासवर्णन, खाकी कागदाचं वेष्टन, दाखल क्रमांक ८४१७. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर माझ्या आधीचा शिक्का २०११ चा आहे. आपले अधिकारी हेच पुढे करतील, म्हणून मीच सांगून टाकते: होय, इतक्या वर्षांत हे पुस्तक एकाच बाईने नेलं. कशासाठी? एका हस्तलिखितात घाटमाथ्यावरच्या एका खिंडीचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आलं होतं. नकाशात वेगळं, आंतरजालावर चौथंच. या पुस्तकाचे लेखक त्या खिंडीतून पायी गेले होते आणि वाटाड्याच्या तोंडून ऐकलेलं नाव त्यांनी लिहून ठेवलं होतं. माझा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. आता ते नाव छापलं जाईल तेव्हा बरोबर छापलं जाईल. दाखल क्रमांक ८४१७ ने आपलं काम केलं. किलोमध्ये त्याचं वजन पाव किलोही भरणार नाही.

थोडं मागचं. या भागात वाचनालयं सरकारने आणली नाहीत, लोकांनी उभी केली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईचं झालं. त्या संस्था आजही चालू आहेत, अडचणीत का होईना. आमचं वाचनालय त्यांच्याइतकं नामवंत नाही. ग्रामपंचायतीच्या काळात एका कुटुंबाने दिलेल्या जागेत, घरोघरून गोळा केलेल्या पुस्तकांवर ते सुरू झालं, एवढंच जुनी माणसं सांगतात. पुढे गावाची नगरपालिका झाली, मग महापालिका, आणि वाचनालय आपल्या ताब्यात आलं. ताब्यात आलं म्हणजे सांभाळायला आलं, असं आम्ही समजत होतो.

कायद्याचं म्हणाल तर ग्रंथालय चालवणं महापालिकेला बंधनकारक नाही, ऐच्छिक आहे, असं आपल्या कार्यालयात मला तोंडी सांगण्यात आलं. खरंच आहे ते. घटनेत एक गंमत आहे. पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची जी अकरावी अनुसूची आहे, तिच्यात विसाव्या क्रमांकावर स्वच्छ 'ग्रंथालये' असं लिहिलंय. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत हा शब्दच नाही, तिथे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन असा मोघम उल्लेख आहे. म्हणजे आम्ही गावच राहिलो असतो तर वाचनालय आमच्या नावावर लिहिलेलं असतं. शहर झालो आणि तो शब्द गळाला. मुद्रितशोधक म्हणून मला असे गळालेले शब्द जरा जास्तच खुपतात.

पैशांचंही तसंच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, ठेवलाच नाही. मद्रास प्रांताने १९४८ सालच्या कायद्यातच तो ठेवला. आज तमिळनाडूत मालमत्ता कराच्या १० टक्के, कर्नाटकात ६ टक्के, केरळात ५ टक्के रक्कम ग्रंथालयांसाठी वेगळी निघते. तिकडे ती सगळी वेळेवर पोचते असं मी म्हणत नाही, पण निदान कुणाकडे मागायची ते ठरलेलं आहे. माझ्या मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, अग्निशमन आहे, रोजगार हमी उपकराचा रकाना आहे. सगळं मी भरते, सवलतीच्या मुदतीत भरते. त्यात ग्रंथालयाची एक ओळ वाढली तर तीही भरीन, आणि मला वाटतं माझ्यासारखे पुष्कळ निघतील. विचारून तर बघा. कायदा बदलणं आपल्या हातात नाही, ठाऊक आहे, पण अंदाजपत्रकात ग्रंथखरेदीचं वेगळं शीर्ष उघडायला कायदा आडवा येत नाही. पुस्तकांसाठी मदत देणारं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून कोलकात्यात आहे. आपल्याकडून तिथे गेल्या चार वर्षांत किती प्रस्ताव गेले, हेही मी विचारलं होतं. उत्तर वर आलेलाच शब्द: निरंक.

मागण्या अशा:

१. नोटिशीला स्थगिती द्यावी. निर्णयाआधी वाचकांची सभा घ्यावी, ती वाचनालयातच आणि रविवारी. मुख्यालयात मंगळवारी अकराला ठेवलेल्या सुनावणीला इथलं कुणी येऊ शकत नाही.

२. तीन महिने दारात येणारं प्रत्येक माणूस मोजावं, पुस्तक नेणारं आणि न नेणारंही. मोजायला आम्ही सभासद पाळीपाळीने फुकट बसू. आकडे वाईट निघाले तर मी ते स्वतः इथेच छापून आणीन.

३. वाचनालय सकाळी साडेसात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ उघडं ठेवावं. शनिवार-रविवार उघडं, हवं तर सोमवारी सुट्टी. वरची तीन महिन्यांची मोजणी ही वेळ लागू झाल्यानंतरच सुरू व्हावी.

४. ग्रंथालयशास्त्र शिकलेला ग्रंथपाल नेमावा. तोवर एकाही पुस्तकाचं निर्लेखन होऊ नये. पुढे जे होईल त्याची यादी दाखल क्रमांकासह दारावर महिनाभर लावावी. स्थानिक स्मरणिका, जुने दिवाळी अंक आणि दुर्मीळ पुस्तकं जुन्या, नांदत्या ग्रंथसंग्रहालयाला विचारल्याशिवाय हलवू नयेत.

५. ग्रंथखरेदीला दर वर्षी ठरलेली रक्कम, आणि घेतलेल्या पुस्तकांची यादी जाहीर. दिवाळी अंक या वर्षीपासून.

६. अभ्यासिका वरच्या मजल्यावर, मुलींसाठी वेगळी जागा आणि रात्री अकरापर्यंत रखवालदारासह.

७. बालविभागाला एक नवं डायनासोरचं पुस्तक. शेवट असलेलं.

यातली एकही मागणी कोटींची नाही. पहिल्या चारांना तर निर्णयाशिवाय फारसं काही लागतच नाही. उत्तर लेखी द्यावं ही विनंती. ते आलं तर मी जसंच्या तसं, एक काना-मात्रा न बदलता, हे पत्र छापलंय तिथेच छापीन.

आणि एक किरकोळ चौकशी. दाखल क्रमांक ८४१७ परत करायची मुदत पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला संपते. देवघेव विभाग एक तारखेला बंद होतोय. पुस्तक कुठे आणि कुणाकडे द्यायचं, ते नोटिशीत लिहायचं राहिलंय. उशिराचा दंड दिवसाला एक रुपया आहे. कृपया कळवावं.

आपली,
सभासद क्रमांक ११४२
(वर्गणी मार्चअखेरपर्यंत भरलेली)